राबाच्या कोपऱ्यातलं सायकस

अनिता लग्न होऊन धसईला आली, तेव्हा टेम्पोतून भांड्यांच्या आधी झाडं उतरली. दोन नारळाची रोपं, काही पोफळीची, आणि एका फुटक्या घागरीत रोवलेला एक काळपट गड्डा, ज्याच्या डोक्यावर तीनच पानं उभी होती. सकुबाई नव्या सुनेला ओवाळायला तबक घेऊन दारात उभी होती. तिने आधी सुनेकडे पाहिलं, मग त्या घागरीकडे पाहिलं आणि शेजारच्या ठकूला हळूच म्हणाली की पोरीच्या बापाने आंदणात अननस दिलेला दिसतोय.

तो अननस नव्हता, सायकस होतं. अनिताचा बाप धोंडी मूळचा सापगावचा, पण तरुणपणीच केळव्याला एका वाडीत गडी म्हणून गेला तो तिथलाच झाला. नारळी-पोफळीत त्याचा जन्म गेला. वाडीच्या मालकाच्या बंगल्यापुढे एक जुनं सायकस होतं. त्याच्या बुडाला आलेलं पिलू धोंडीने मागून घेतलं, परसात वाढवलं आणि लेक निघाली तेव्हा तिच्या मांडीवर ठेवलं. दुसऱ्या बापाने जिथे एखादं जास्तीचं पातेलं दिलं असतं तिथे धोंडीने हे दिलं.

पहिल्या दिवाळीला तो लेकीला न्यायला आला, तेव्हा त्याने सकुबाईला ओट्यावर बसून सगळं समजावून सांगितलं. म्हणाला, "विहीणबाय, हे लय सावकाश वाढतं. कधी कधी रुसल्यागत बसतं, दोन-दोन वर्सं पान काढत नाय. मेलं समजून टाकू नका." सकुबाईने मान हलवली, पण तिचं सगळं लक्ष अंगणात वाळत घातलेल्या भाताकडे होतं, कारण शेजारच्या कोंबड्या तिकडे निघाल्या होत्या.

समुद्रकाठच्या केळव्याला थंडी म्हणजे पहाटे अंगावर एक पंचा जास्त घ्यायचा, इतकीच. धसईची थंडी निराळी. पौषात घाटावरून कोरडा वारा उतरायला लागला की माणसं शेकोटीपासून हलत नाहीत आणि रांजणातलं पाणी दातांना झोंबतं. त्या वाऱ्याने पहिल्याच वर्षी अनिताचे दोन्ही नारळ पिवळे पाडले. दुसऱ्या वर्षी पोफळी गेल्या. त्यांची पानं कडेने करपत आत आली आणि होळीपर्यंत नुसत्या काड्या उरल्या. अनिता रडली नाही. तिने ओहोळाच्या काठावरून भेर्ली माडाचं एक पोर उपटून आणलं आणि परसात लावलं. ते रानातलंच असल्यामुळे त्याला थंडीचं काही वाटलं नाही. मग तिने पुन्हा केळव्याहून पोफळीची रोपं मागवली. सकुबाई म्हणाली की ही पोरगी आहे का वारा, दोघांपैकी कोण आधी दमतंय ते बघायचं.

सायकस मात्र टिकलं, पण ते आपोआप नाही. कार्तिक संपला की अनिता त्याची पानं वर गोळा करून सुतळीने बांधायची, भोवती पेंढा लावायची, त्यावर गोणपाट गुंडाळायची आणि गोणपाट वाऱ्याने उडू नये म्हणून बुडाशी माती सारायची. होळी झाली की सोडायची. ठकू कुंपणावरून विचारायची, काय गो, आज पोराला कुंची घातली का. अनिता म्हणायची, घातली, आता तीट लावायची राहिली. पुढे नम्रता जन्मली आणि खरंच कुंचीत गुंडाळली गेली, तरी सायकसची कुंची काही सुटली नाही.

सकुबाईला या सगळ्याचा राग होता असं कुणी म्हटलं असतं तर ती कबूल झाली असती, पण ते खरं नव्हतं. तिला राग करायला आवडायचं. संध्याकाळी कामं आटोपली की दोघी ओट्यावर बसायच्या, अनिता शेंगा सोलता सोलता झाडांची बातमी द्यायची. पोफळीला कोंब दिसतोय. माडाचं पान कुणाच्या तरी बकरीने ओरबाडलंय. सकुबाई म्हणायची, ते सगळं उपटून भेंडी लाव, निदान कालवणाला होईल. अनिता म्हणायची, भेंडी काय कुणीही लावतं. सकुबाई म्हणायची, हो, आणि कुणीही खातं. असं अंधार पडेपर्यंत चालायचं. अनिताचा नवरा अनिल कंपनीतून आला की त्याला वाटायचं आत भांडण चाललंय, आणि तो बाहेरूनच पाय धुवायला विहिरीकडे वळायचा.

सकुबाईचा स्वतःचा अभिमान म्हणजे राब. भाताचं रोप टाकायच्या आधी ती जागा भाजावी लागते, आणि सकुबाईसारखा राब भाजणारं माणूस आसपास नव्हतं. खाली वाळलेलं शेण, त्यावर झाडांची तोडलेली कवळं, त्यावर वाळक्या पानांचा पातेरा आणि पेंढा, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा हात. माती कमी पडली तर आग भडकून क्षणात विझते आणि जमीन कच्ची राहते. जास्त पडली तर गुदमरते. सकुबाईचा राब संबंध दुपार सावकाश धुमसायचा, आणि त्यातून उठणारं रोप पाहायला लोक बांधावर थांबायचे. नवरा गेल्यावर तिने शेतीतलं पुष्कळ काम अनिलवर आणि गड्यांवर सोडलं होतं, पण राब तिने दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नव्हता. अनिताला तिने थर कसे लावायचे ते दरवर्षी शिकवलं होतं, आणि दरवर्षी अनिताने लावलेला थर मोडून पुन्हा स्वतः लावला होता.

ही राबाची जागा घराच्या मागेच, परसाला लागून, जराशी उंचावर होती. अनिताचा डोळा तिच्यावर होता.

कारण सायकस रुसलं होतं. दोन वर्षं झाली, नवीन पान नाही. भिंतीला लागून लावल्यामुळे पावसाळाभर पागोळ्या त्याच्या बुडात पडायच्या आणि दुपारनंतर ऊन मिळायचं नाही. अनिताने सगळीकडे फिरून पाहिलं. राबाच्या कोपऱ्याला दिवसभर ऊन होतं, पाणी तुंबत नव्हतं, वर्षानुवर्षांच्या राखेने माती हलकी झाली होती. तिने त्या माघात सासूकडे कोपरा मागितला. फार नाही, एका सुपाएवढा.

सकुबाईने नाही म्हटलं. आज सूपभर दिला तर उद्या पोफळी येतील, परवा नारळ येतील, मग भात काय छपरावर लावायचा, असं ती म्हणाली. बोलता बोलता तिच्या तोंडून एक वाक्य जास्तीचं गेलं. "तुज्या बापाचा झाड तुज्या बापाकडंच बरा होता," ती म्हणाली. अनिता उठून आत गेली. सकुबाईला ते वाक्य लगेच खटकलं, पण बाहेर गेलेला शब्द परत घ्यायची तिला सवय नव्हती.

अनिलने मग मधे पडायचं ठरवलं. त्याने बायकोला सांगितलं, तू लाव तिथे, आईला मी सांगतो. आता अनिलचं हे 'सांगतो' घरात सगळ्यांना माहीत होतं. तो कंपनीत पाळीवर जायचा, येताना धसईच्या नाक्यावर गप्पा मारायचा, आणि सांगायच्या गोष्टी त्याच्या खिशात तशाच राहून जायच्या. पण अनिताला सायकसची काळजी लागली होती, म्हणून तिने त्याच्यावर विश्वास टाकला. सकुबाई शहापूरला भाचीच्या साखरपुड्याला गेली होती, त्या दिवशी दोघा नवराबायकोंनी सायकस मुळासकट उचललं आणि राबाच्या कोपऱ्यात लावलं. माघाची थंडी अजून होती, झाड जागा बदललेलं, म्हणून अनिताने त्याला नीट गुंडाळलं. गोणपाट फाटलं होतं. तेव्हा तिने सासूने शिकवलेलंच केलं: पानं बांधून भोवती पातेरा, त्यावर पेंढा, आणि वारा लागू नये म्हणून वरून बारीक मातीचा हात.

दुसऱ्याच दिवशी केळव्याहून निरोप आला. नाक्यावरच्या दुकानात फोन होता, तिथून कुणीतरी धावत येऊन सांगितलं की धोंडीला अर्धांगाचा झटका आलाय. अनिताने नम्रताला घेतलं, चार कपडे घेतले. अनिलने नव्या तांदळाचं पोतं बांधून खांद्यावर टाकलं आणि तिघं मुरबाडच्या एसटीकडे निघाली. सकुबाई शहापूरहून परत येत होती, ती त्यांना नाक्यावरच भेटली. तिने सुनेच्या पाठीवरून हात फिरवला, नम्रताचा मुका घेतला, आणि एसटी सुटली. जाताना तिने अनिलच्या खांद्यावरचं पोतं पाहिलं. पोत्याच्या तोंडातून पेंढा बाहेर आला होता.

घरी आल्यावर ती परसात गेली, तर भिंतीजवळ नुसता खड्डा.

सकुबाई त्या खड्ड्यापाशी बराच वेळ उभी राहिली. तिच्या मनात सगळं जुळलं. आपण बोललो, 'तुज्या बापाकडंच बरा होता', आणि पोरीने ते उचललं आणि बापाकडे नेलं. पोत्यात तेच होतं. झाड नेलं, नात नेली. सकुबाईला एकदम घर फार मोठं वाटायला लागलं. अनिलला विचारावं असं तिला वाटलं, पण विचारलं तर आपण काय बोललो तेही निघणार, म्हणून ती गप्प बसली. अनिल बायकोला पोचवून दोन दिवसांनी आला. त्याला आईला काहीतरी सांगायचं होतं, पण आल्या आल्या त्याला पाळीवर जावं लागलं.

मग एके सकाळी सकुबाई राबाकडे गेली आणि तिला कोपऱ्यातला ढीग दिसला.

ती वाकून पाहू लागली. पातेरा दाबून बसवलेला. पेंढा एकसारखा पसरलेला. वर मातीचा हात, कमी नाही, जास्त नाही. सहा वर्षांत अनिताने असा थर कधी लावला नव्हता.  म्हणजे पोरगी रागावून गेली नव्हती. जायच्या आधी, बाप आजारी पडलेला असताना, सासूसाठी राबाची सुरुवात करून गेली होती. एवढंसं केलं होतं, कोपऱ्यापुरतं, पण बिनचूक केलं होतं. त्या दिवशी सकुबाईने ठकूला मुद्दाम बोलावून तो थर दाखवला. ठकू म्हणाली, बरा शिकवलास गो सुनेला. सकुबाई म्हणाली, हात चांगला हाय तिचा, मीच कधी बोलले नाय.

शिमगा झाला. केळव्याहून अनिताचा निरोप आला की बापाला तोंडाने बोलता येत नाही, मी आणखी राहते. सकुबाईने उलट निरोप पाठवला की सावकाश ये, इकडची काळजी करू नको. मग तिने गावातल्या भिमीला आणि तिच्या नवऱ्याला मजुरीला घेऊन शेण, कवळं आणि पातेरा टाकून घेतला आणि अनिताच्या ढिगाला जोडूनच उरलेला सगळा राब रचला. अनिताचा थर मात्र तिने मोडला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिने दुसऱ्याने लावलेला थर तसाच ठेवला. वारा पडला तशी एका दुपारी तिने काडी ओढली, आणि मानाने पहिली आग त्या कोपऱ्यालाच लावली.

राब सुरेख धुमसला. संध्याकाळी अनिल आला तेव्हा जमीन अजून गरम होती. सकुबाई कमरेवर हात ठेवून उभी होती, खूष होती, आणि तिने त्याला सांगितलं की तुझ्या बायकोचा थर सगळ्यांत छान जळला.

अनिलने डबा खाली ठेवला. कोपऱ्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं, आणि इतके दिवस खिशात राहिलेली गोष्ट त्याने सांगितली.

सकुबाईने खराटा घेतला आणि राख बाजूला केली. आत सायकसचा गड्डा होता, कोळशासारखा काळा. पानांचा मागमूस नव्हता. तिने हात लावला तर चटका बसला, तरी तिने हात लगेच काढला नाही. अनिल म्हणायला लागला की चूक माझीच आहे. ती म्हणाली, चूक तुजी हायच, पण आग माजी हाय.

धोंडी गेल्याची बातमी दुसऱ्या दिवशी आली.

सकुबाई आणि अनिल केळव्याला गेले. घरात बायका बसल्या होत्या, त्यांच्यात अनिता भिंतीला टेकून होती. सकुबाई तिच्याजवळ जाऊन बसली. वाटेत तिने ठरवलं होतं की भेटताच सांगून टाकायचं. पण अनिताने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "आई, बाबा बोलू शकत नव्हते. हाताने नुसतं पानासारखं करून दाखवायचे, झाड कसं हाय विचारायचे. मी सांगितलं, बरं हाय, ऊन लागतंय आता." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तेवढं तरी हाय ना त्यांचं आपल्याकडं." सकुबाईने तिच्या केसांवरून हात फिरवला.  त्या घरात, त्या दिवशी, तिला ते सांगता आलं नाही, आणि परतीच्या सगळ्या वाटेने ती स्वतःवर चिडत राहिली.

तेरावं झाल्यावर अनिता यायची होती. अनिल म्हणाला, मी पुढे जातो, तिला मी सांगतो. सकुबाई त्याच्याकडे नुसती बघत राहिली, आणि तो खाली बसला. ती एकटीच नाक्यावर गेली. एसटी आली, अनिता उतरली, नम्रता आजीच्या कडेवर चढली. घर यायच्या आधी, वाटेत चिंचेखाली, सकुबाई थांबली.

"तुजा झाड मी जाळला," ती म्हणाली. "राब समजून. तू थर एवढा चांगला लावलास, मना वाटलं माज्यासाठी लावलास."

 अनिताने पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि घराकडे चालायला लागली. परसात जाऊन ती त्या काळ्या गड्ड्यासमोर बसली. सकुबाई लांबून पाहत होती. पोरीने ओरडावं, रडावं, निदान तोंड फिरवावं, असं तिला फार वाटत होतं. अनिताने यातलं काहीच केलं नाही. उठली, हातपाय धुतले आणि भाकरी थापायला बसली.

आणि तसंच चालू राहिलं. अनिता कामाला चुकली नाही, उलट बोलली नाही, विचारलं तेवढं सांगितलं. फक्त संध्याकाळी ती ओट्यावर यायची नाही. शेंगा आत बसून सोलायची. सकुबाई ओट्यावर एकटी बसायची आणि पोफळीला कोंब आला का, माडाची बकरी परत आली का, काहीच तिला कळायचं नाही. एकदा तिने आपणहून मोठ्याने म्हणून पाहिलं की इथे सगळीकडे भेंडी लावायला पाहिजे. आतून उत्तर आलं नाही. त्या शांततेने सकुबाईला जितकं छळलं तितकं तिच्या स्वतःच्या सासूनेही कधी छळलं नव्हतं.

तेव्हा तिने दुसरं काम काढलं. रोज सकाळी विहिरीवरून येताना ती एक कळशी कमी भरलेली आणायची. भरलेलीच निघायची, पण वाटेत त्या गड्ड्याच्या बुडाशी थोडं पाणी ओतायची. मग अंगठ्याने गड्डा दाबून बघायची. कुजलेलं काय लागतं ते तिला माहीत होतं. सुरण, कोनफळ, अळू, सगळं आयुष्यभर दाबून पाहिलं होतं. हा गड्डा कडक होता. मेलेलं मऊ पडतं, हे कडक आहे, असं ती स्वतःशी म्हणायची. आणि मग तिला धोंडीचं ते ओट्यावरचं बोलणं आठवायचं. तेव्हा कोंबड्यांच्या नादात अर्धंच ऐकलं होतं, पण कानाने कुठेतरी जपून ठेवलं होतं. मेलं समजून टाकू नका, विहीणबाय.

ठकूने एकदा विचारलं, त्या कोळशाला पाणी घालून काय उगवणार. सकुबाई म्हणाली, तुला काय करायचंय. ठकूने हे गावभर सांगितलं, पण सकुबाईने पाणी सोडलं नाही.

राबात भात पेरलं. रोप आलं, आणि असं आलं की लोक पुन्हा बांधावर थांबायला लागले. सगळीकडे हिरवंगार रोप आणि कोपऱ्यात तो एक काळा गड्डा. अनिताने तो उपटून टाकला नव्हता, सकुबाईने टाकू दिला नसता. अनिता त्या बाजूला बघायची मात्र नाही. कपडे वाळत घालायचे असले तरी पाठ करून घालायची.

आवणी, म्हणजे भाताची लावणी, तोंडावर आली तेव्हा एका सकाळी सकुबाईचा अंगठा वेगळ्याच कशाला तरी लागला. गड्ड्याच्या मधोमध, काळ्या सालीतून, काहीतरी मऊ वर येत होतं. कुजलेलं मऊ नव्हे. तान्ह्या पोराच्या टाळूसारखं मऊ, वरून तपकिरी लव असलेलं. तिने कळशी खाली ठेवली. चार दिवसांनी तिथे बोटभर उंच, वेटोळी घातलेले कोंब उभे होते, एक नाही, दोन नाही, सगळ्या बाजूंनी एकदम. आग लागल्यावर झाडाचा रुसवा गेला होता. दोन वर्षं अडवून धरलेली सगळी पानं त्याने एका झटक्यात बाहेर काढली होती.

सकुबाईला धावत घरात जाऊन ओरडावंसं वाटलं. तिने ते आवरलं. हे आपण सांगायचं नाही, असं तिने ठरवलं. आपण सांगितलं तर ते आपलं होईल, आणि आपण तर ते जाळलेलं. ज्याचं त्यालाच दिसलं पाहिजे. त्या दिवसापासून ती रोपाच्या आडून बघत राहिली आणि तोंडाला कुलूप लावून बसली. एवढं गुपित पोटात ठेवायची तिला सवय नव्हती. तिला भूक लागेना, आणि अनिलने विचारलं की आई, तुझी तब्येत बरी आहे ना.

रोप खणायचा दिवस आला. भिमी, ठकू, आणखी दोन बायका आणि घरच्या दोघी. ओळीने बसायचं, रोप उपटायचं, मुळाची माती झटकायची आणि मुठी बांधत मागे टाकायच्या. सकुबाईने बसायच्या जागा स्वतः वाटल्या. भिमी कोपऱ्याकडे निघाली तर तिने तिला हाताला धरून अलीकडे बसवलं आणि सांगितलं की तिकडची ओळ अनिताची आहे. अनिताने एकदा सासूकडे पाहिलं. तिला वाटलं असेल की म्हातारी मुद्दाम जखमेवर बोट ठेवतेय. पण तिने पदर खोचला आणि खाली मान घालून रोप उपटत निघाली.

सकुबाईचे हात रोपात होते आणि डोळे सुनेवर. अनिता मूठमूठ करत पुढे सरकत होती. बायका कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणाबद्दल बोलत होत्या, सकुबाईला एक शब्द कळत नव्हता. शेवटची मूठ अनिताने उपटली, माती झटकली आणि हात तसाच वर राहिला.

समोर सायकस होतं. काळा गड्डा तसाच, पण त्याच्या डोक्यावर पानांचा पूर्ण झुपका, कोवळा, फिकट हिरवा. पानांची टोकं अजून आत वळलेली होती. तिच्या बापाने दिलं तेव्हा तीन पानं होती. इतकी पानं या झाडाला कधीच आली नव्हती.

 अनिता उठून उभी राहिली, मागे वळली आणि चिखलाचे हात कमरेवर ठेवून सासूवर कडाडली.

"तुमी आग लावायच्या आदी हात घालून बघायचा नाय? जन्मभर राब भाजलात ना? आत काय हाय ते चाचपून बघायला काय झालेलं? आणि नाय म्हणून सांगितलंत तेव्हा एवढं लागेल असं कशाला बोललात? बापाकडं बरा होता म्हणे! बाप माजा तिकडं मरत होता!"

बायकांचे हात थांबले. ठकूने तोंडाला पदर लावला. धसईत सुनेने सासूला असं चारचौघांत बोलण्याची रीत नव्हती, आणि सकुबाईला तर कुणीच नाही. अनिता थांबली नाही. माघापासूनचं सगळं तिने बाहेर काढलं. अनिलच्या 'सांगतो'चा उद्धार झाला, मोडलेल्या थरांचा झाला, भेंडीचाही झाला. झाड मेलेलं होतं तोवर तिला भांडताच आलं नव्हतं. भांडून उरलंसुरलंही तुटलं असतं, याची तिला भीती होती. आता समोर पानं हलत होती आणि तिला कशाचीच भीती उरली नव्हती. बोलता बोलता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते तिने चिखलाच्याच हाताने पुसलं, आणि तोंडभर चिखल झाला.

सकुबाई ऐकत राहिली.  तिच्या तोंडावर असं समाधान पसरलं होतं की भिमीला वाटलं म्हातारीला ऐकू येत नाहीये. सगळं बोलून झाल्यावर सकुबाई उठली, पदराने सुनेचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बोल अजून. काय राहिलं असंल तर बोल."

"राहिलं नाय," अनिता हुंदका गिळत म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "पाणी कोण घालत होतं?"

सकुबाई म्हणाली, "माज्या कळशीला भोक हाय." बायका हसल्या, आणि अनिताही हसली. त्या संध्याकाळी दोघी ओट्यावर बसल्या. अनिताने शेंगा बाहेर आणल्या आणि इतक्या महिन्यांच्या बातम्या एकदम द्यायला घेतल्या. पोफळीतलं एक रोप जगलंय. माडाला बकरी येऊन गेली. सकुबाईने ते सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की उपटून भेंडी लाव. अनिलने बाहेरून आवाज ऐकले आणि नेहमीसारखा विहिरीकडे वळला.

कोपरा सायकसचाच राहिला. पुढच्या कार्तिकात गोणपाट कमी पडलं तेव्हा सकुबाईने पेटीतलं आपलं जुनं लुगडं काढून दिलं आणि गुंडाळायलाही तीच बसली. झाडाला पुढे पिलं आली. एक ठकूच्या दारात गेलं, एक शहापूरला भाचीकडे गेलं. नम्रता शाळेत जायला लागली, परसात पोफळी उंच झाल्या, आणि त्यातली एक तर चक्क फळली.

राब अजूनही सकुबाईच भाजायची. फक्त आता काडी ओढायच्या आधी ती खाली बसायची आणि रचलेल्या थरात कोपरापर्यंत हात घालून सगळीकडे चाचपून बघायची. आपल्या राबात तर बघायचीच, पण कुणी आग लावायला बोलावलं तर त्याच्याही राबात बघायची, जिथे मैलभर झाड म्हणून नव्हतं तिथेही. लोक हसायचे. विचारायचे, सकुबाय, आत काय शोधतेस.

"कुणाचा बाप निजलेला असंल, काय सांगावं," ती म्हणायची, आणि मग काडी ओढायची.